ओच्यातली भाजी कुठं गेली?

(फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ इथं बचत गटांतल्या आणि शेतमजुरी करणाऱ्या बायांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातला सूर तसाच ठेवला आहे.)



आज आपण भाजी-भाकरीवर बोलणार आहोत. दारू, मारहाण, पोटगी, सातबाऱ्यावर नाव अशा विषयांवर आपण नेहमी जमतो. त्या मानानं भाजी म्हणजे घरातलाच मामला, त्यात संघटनेनं बोलण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं आणि त्या वेळी टोपल्यात काय उरलेलं असतं, हे जिला माहीत आहे तिला हा विषय समजावून सांगावा लागत नाही.

फुलसावंगी हे बाजाराचं गाव. आजूबाजूची खेडी, तांडे इथं बाजाराला येतात. पुढच्या बाजारी भाजीच्या दुकानांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. कोबी कुठून आली, आलू कुठून आले, भेदरं कुठून आली, ते विकणाऱ्याला विचारा. बराचसा माल शहरातल्या हर्रासातून आलेला निघेल. त्यातला काही तर इथल्याच एखाद्या वावरातून तिकडे गेलेला असेल. वांगी पहाटे गाडीवर चढतात, हर्रासात जातात, तिथं हमाली आणि अडत कापली जाते, ती दुसऱ्याच्या नावावर होतात आणि फिरून आपल्याच बाजारात येतात. पिकवणाऱ्या बाईला त्याचे थोडे पैसे मिळतात, विकत घेणाऱ्या बाईला मात्र जास्त मोजावे लागतात. वांगं तेच, फक्त एका दिवसानं शिळं. या दोन बाया कदाचित एकाच गल्लीत राहत असतील. एकीच्या वावरात भाव पडला म्हणून वांगी झाडालाच पिवळी पडतात आणि दुसरी त्याच आठवड्यात पोरांना नुसत्या मिरचीच्या ठेच्याबरोबर भाकर देते. मला आज बोलायचं आहे ते या दोघींमधल्या अंतराबद्दल.

पण त्याआधी ओच्यातल्या भाजीबद्दल बोलायला पाहिजे.

इथं बसलेल्या म्हाताऱ्या आयांना विचारा. पावसाळ्यात निंदणाला जाणाऱ्या बाईला संध्याकाळच्या भाजीची काळजी नसायची. कपाशीच्या, ज्वारीच्या वावरात निंदताना तांदुळजा, कुंजर, घोळ, केना, पाथरी हाताला लागायची. धुऱ्यावर तरोटा असायचा, कुंपणावर काटवलाचा वेल असायचा. बाई निंदता निंदता कोवळी पानं खुडून ओच्यात टाकायची. घरी जाताना मजुरी वेगळी आणि ओचा वेगळा. मालकाचं त्यात काही जात नव्हतं, त्याच्या लेखी ते तणच होतं. शिवाय कपाशीच्या तासांमध्ये तुरीचं तास असायचं. मूग, उडीद, तीळ, अंबाडी, बरबटी, भेंडी असायची. मुख्य पीक सावकाराचं आणि बाजाराचं, आणि ही मधली-कडेची पिकं घराची, अशी ती वाटणी होती. मडक्यात राखेत ठेवलेलं बी बाईच काढायची आणि तीच पेरायची. तिला कुणी शेतकरी म्हणत नव्हतं, पण वर्षभराचं वरण आणि भाजी तिच्या हातातून वावरात पडत होती.

हे सगळं हळूहळू गेलं. 1980 आणि 90 च्या दशकांत विदर्भात सोयाबीन आलं आणि ज्वारी, मूग, उडदाची जागा त्यानं घेतली. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. कपाशी आणि सोयाबीन यांच्यात मिळून वावर संपलं. ही दोन्ही पिकं विकायची, घरात शिजवायची नाहीत. सोयाबीनचं तेल आपण खातो, पण ते कारखान्यातून पुडीत भरून परत येतं तेव्हा. म्हणजे सगळं वावर हिरवंगार आहे आणि त्यात घरात शिजवण्यासारखं काहीच नाही, अशी स्थिती आली.

मग तणनाशक आलं. तणनाशकानं एका फवाऱ्यात आपल्या दोन गोष्टी नेल्या, निंदणाची मजुरी आणि ओच्यातली भाजी. हिशोबाच्या वहीत मात्र एकच नोंद होते, 'मजुरीत बचत'. ही बचत मालकाची. आपल्या वहीत तिची नोंद दोन ठिकाणी करावी लागेल, रोज बुडाला एक आणि भाजी विकत घ्यावी लागली दोन. निंदण हे सुखाचं काम होतं असं मी म्हणणार नाही. चिखलात वाकून वाकून कंबर मोडते, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. पण ते काम काढून टाकताना जिचं पोट त्यावर होतं तिला कुणी विचारलं नाही, एवढंच म्हणते. आणि विषाचं म्हणाल तर 2017 चा पावसाळा आपल्या जिल्ह्यानं बघितला आहे. कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात पडले. फवारणारे पुरुष होते. फवारणीसाठी पाणी वाहणाऱ्या आणि संध्याकाळी ते कपडे हातानं धुणाऱ्या बाया होत्या. त्यांची गणती कुणी केली नाही.

ज्वारीचंही थोडं सांगायला हवं. ज्वारी गेली ती काही फक्त सोयाबीनच्या भावामुळे नाही. रानडुकरं आणि रोही उभं पीक एका रात्रीत आडवं करतात, पाखरं वेगळीच. जागलीला माणूस नसेल तर ज्वारी पेरून उपयोग नाही, असं कास्तकार म्हणतात ते खोटं नाही. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गुरं गेली, गुरांबरोबर शेणखत आणि घरातलं ताक गेलं. आता ज्वारीची भाकर ही ज्वारी पिकवणाऱ्या मुलखात विकत घेऊन खायची चीज झाली. शहरात तर ती हॉटेलात मागवून खातात. 2023 हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारी-बाजरीचं खूप कौतुक झालं. पण आपल्या डब्यात त्यानं चिमूटभर भर पडली नाही.

मला समाजकार्याच्या शिक्षणात आहाराचे तक्ते शिकवले होते. रंगीत चित्रांचे. त्यावर सफरचंद असायचं, द्राक्षं असायची, दुधाचा भरलेला पेला असायचा. इथं कामाला आल्यावर तो तक्ता भिंतीवर लावला की बाया कौतुकानं बघायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. तक्त्यात बोर नव्हतं, आवळा नव्हता, सीताफळ नव्हतं, शेवग्याचा पाला नव्हता. जे आपल्या दारात आहे त्याला पोषणात जागा नाही आणि ज्याला जागा आहे ते आपल्या ऐपतीत नाही. मग बाईला वाटतं, आपलं खाणं हलकंच, पैसे आले की चांगलं खाऊ. पैसे येतात तेव्हा पोरांना बिस्किटाचा पुडा येतो.

हा 'हलकं खाणं' प्रकार फार खोल गेलेला आहे. तरोटा ही गरिबाची भाजी, दुष्काळातली भाजी. पाहुणे आले की ती झाकून ठेवायची आणि आलूची भाजी पुढं करायची. कोणती भाजी कुणाची, यात जात आहे. तांड्यावरची बाई, आंध बाई, कोलाम पोडावरची बाई जे रानातून आणते ते 'त्यांचं खाणं'. गेली काही वर्षं कृषी खातं ऑगस्ट महिन्यात रानभाजी महोत्सव भरवतं. त्यात साहेब लोक काटवलाची भाजी चाखतात, फोटो निघतात. चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती काटवलं रानातून काढणारी बाई बाजारात फडकं अंथरून बसते, तेव्हा तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारी बाई आपल्यातलीच असते, हेही बोलून टाकू या.

रक्ताचं बघा. 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 54.2 टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या पाहणीत, म्हणजे 2015-16 मध्ये, तो आकडा 48 टक्के होता. या काळात रस्ते झाले, मोबाईल आले, गॅस आला आणि बायांचं रक्त मात्र कमी झालं. नुसत्या पालेभाजीनं हे भरून निघेल असं मी सांगणार नाही. गरोदर बाईला गोळ्या घ्याव्याच लागतात, त्या टाकून देऊ नका. पण रोजच्या ताटात डाळ, पालेभाजी आणि त्यावर काही आंबट असणं, याला दुसरा पर्याय नाही. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबू, आवळा, कैरी असं काही लागतं आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर ते तितकं लागत नाही. अंबाडीच्या भाजीबरोबर भाकर खाणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. चहा तेव्हा घरात नव्हता, एवढाच काय तो फरक.

आता पैशाचं बोलू. ज्या महिन्यात जे येतं ते त्या महिन्यात खाल्लं तर स्वस्त पडतं, हे सांगायला माझी गरज नाही. पहिल्या पावसानंतर तरोटा आणि तांदुळजा, श्रावणात काटवलं, मग अंबाडी, बरबटीच्या शेंगा. दिवाळीच्या आसपास सीताफळं. हिवाळ्यात तर चंगळच, तुरीचे सोले, वांगी, मेथी, सांभार, हरभऱ्याचा कोवळा पाला, बोरं. उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा, कैरी, चिंच आणि वाळवणाचे डबे. हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवणारी, सांडगे घालणारी, खारोड्या करणारी बाई जेठात भाजीवाचून अडत नाही. ओल्या सोल्यांची आमटी जानेवारीत फुकटात पडते. भेदरं मात्र पावसाळ्यात महागतात आणि तरीही आपल्याला प्रत्येक भाजीत भेदरं पाहिजेच असतात. चिंचेचा कोळ विसरलो आपण.

पण भाजीपेक्षा मोठा हिशोब डाळीचा आहे. त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथंच आपला खरा पैसा जातो.

2015 च्या दिवाळीच्या सुमाराला तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली होती. त्या वर्षी वरणात डाळ शोधावी लागत होती. भाव बघून पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही बरा झाला. 2017 च्या सुरुवातीला तूर निघाली तेव्हा आधारभूत किंमत क्विंटलला 5050 रुपये होती आणि बाजारात तूर चार हजारांच्या आसपास आणि त्याखालीही विकली गेली. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना नाही म्हणून खरेदी थांबली, गाड्या दिवसचे दिवस उभ्या राहिल्या. दीड वर्षाच्या आत विकत घेणारी बाईही मेली आणि पिकवणारी बाईही मेली. आता चार हजार क्विंटल म्हणजे किलोला चाळीस रुपये. घरी किंवा गावच्या मिलवर डाळ केली तर क्विंटलमागे साधारण सत्तर किलो डाळ पडते. म्हणजे किलोला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये आणि वर दळणावळ. उरलेली चुणी गुरांना. त्या वर्षी आपल्या एकाही बचत गटानं गावातली तूर घेऊन ठेवली नाही. गटात पैसे होते, पण ते कशाला द्यायचे याचे नियम ठरलेले होते. शेळी, शिलाई मशीन, दुकान. वर्षभराची डाळ हे 'उत्पादक कर्ज' धरत नाहीत म्हणे. जिचं घर चालतं ते उत्पादक नाही, हा हिशोब कुणी शिकवला कोण जाणे.

पाच माणसांच्या घराला महिन्याला चार किलो डाळ धरा. वर्षाला अठ्ठेचाळीस किलो, म्हणजे सुमारे सत्तर किलो तूर. आपण ती कधी घेतो? रोज मिळेल तशी पावशेर, अर्धा किलो, दुकानातून उधारीवर, आणि सगळ्यात जास्त कधी? आषाढ-श्रावणात, जेव्हा भाव चढलेला असतो. तूर पिकवणारी बाईसुद्धा हेच करते. जानेवारीत कर्जफेडीसाठी सगळी तूर काढून टाकते आणि जुलैत डाळ विकत आणते.

इथं कुणी म्हणेल, रेशन आहे ना? रेशन आहे आणि ते राहिलंच पाहिजे. गावातून विकत घ्या असं मी म्हणते, त्याचा अर्थ सरकारनं हात झटकावेत असा कुणी काढू नये. 2015 पासून आपल्यासारख्या 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळत होतं, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो. 2023 साली ते बंद करून त्याऐवजी माणशी 150 रुपये खात्यात टाकायचं ठरलं. धान्य घरात आलं की ते चुलीपाशी येतं. पैसा खात्यावर आला की त्याला शंभर वाटा फुटतात आणि बाजारात गव्हाचा भाव वाढला तर ते पैसे त्याबरोबर वाढतीलच असं नाही. शिवाय रेशनवर मिळतो तो गहू आणि तांदूळ. डाळ, तेल, भाजी यांचं काय, हा प्रश्न धान्य देऊनही उरतोच.

आपल्याच जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी गाव आहे. तिथं सीतेचं देऊळ आहे, रामाशिवाय एकट्या सीतेचं. लोक अशी कथा सांगतात की वनवासात टाकलेली सीता तिथं बाळंत झाली, लव-कुशांसाठी गावात गहू मागायला गेली, आणि गावानं दिला नाही. तेव्हा तिनं शाप दिला, या गावात गहू पिकणार नाही. ही कथा मला फार खरी वाटते. नवऱ्यानं टाकलेली, दोन लेकरं पदरात असलेली बाई गावात धान्य मागते आणि गाव तोंड फिरवतं. आजही परित्यक्ता बाईचा रेशनकार्डावरून नाव काढून वेगळं कार्ड मिळेपर्यंतचा वनवास आपण बघतोच. या देवळाचा जीर्णोद्धार शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं केला. त्याच संघटनेनं 1986 मध्ये चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन घेतलं, पुढं लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली आणि 1991 मध्ये शेगावला सीताशेतीचा कार्यक्रम मांडला. सीताशेती म्हणजे जमिनीचा एक तुकडा बाईनं कसायचा, बाहेरचं खत-औषध न आणता, घरच्या खाण्यासाठी. संघटनेच्या सगळ्या अर्थकारणाशी आपलं जमेल असं नाही आणि भूमिहीन बाईला त्या कार्यक्रमात जागा नव्हती, हे उघड आहे. जिच्या नवऱ्याच्याच नावावर काही नाही त्यानं तिच्या नावावर काय करायचं? पण तुकडा बाईच्या ताब्यात द्या म्हणजे त्यात काय पिकेल ते बघा, ही गोष्ट त्यांना कळली होती.

ते मलाही कामात दिसतं. नवरा गेलेली, स्वतः वावर करणारी बाई असेल तर कपाशीत दोन तासं तुरीची, कडेनं अंबाडी, बांधावर शेवगा हमखास दिसतो. कारण तिला माहीत असतं की बाजाराचं काही सांगता येत नाही आणि पोरं रोज खायला मागतात.

मराठवाड्यात उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, आणि लातूरकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर बायांनी दुष्काळाच्या वर्षांत हेच केलं. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला, त्यात भाज्या, डाळी, धान्य अशी मिसळीची पिकं घेतली, आधी घरात खायचं आणि उरलं तर विकायचं. 2016 साली या कामाला इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारापेक्षा 'मागून घेतला' हे शब्द महत्त्वाचे वाटतात. ज्या वावरात बाई उभं आयुष्य राबते त्यातला एकर तिला मागावा लागतो.

भूमिहीन बाईच्या बाजूनं बघायचं तर तेलंगणात झहिराबादकडे बघा. बिदरच्या शेजारचा भाग, ज्वारीचाच मुलूख. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर 1980 च्या दशकापासून दलित बायांचे संघ उभे राहिले. त्यांना रेशनवर तांदूळ मिळत होता आणि गावातल्या जमिनी पडीक होत्या. 1990 च्या दशकात त्यांनी आपलंच रेशन सुरू केलं. पडीक जमिनीच्या लहान मालकांना ज्वारी पेरायला कर्ज दिलं आणि फेड पैशात न घेता ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच, बायांच्याच देखरेखीखाली साठवली. मग गावातलं सगळ्यात गरीब घर कोणतं, हे बायांनीच जमिनीवर गावाचा नकाशा काढून ठरवलं आणि पावसाळ्याच्या टंचाईच्या महिन्यांत त्या घरांना ती ज्वारी कमी दरानं दिली. जमीन पडीक राहिली नाही, निंदणाची-कापणीची मजुरी गावात राहिली, कडबा गावात राहिला आणि धान्याला लॉरीचं भाडं लागलं नाही. दारिद्र्यरेषेची यादी साहेबाच्या टेबलावर झाली नाही, अंगणात झाली. शिकलेल्या लोकांना हे जमलं नसतं.

फुलसावंगीत आपण लगेच ज्वारीचं रेशन काढू असं मी म्हणत नाही. रानडुकरांचा बंदोबस्त मला सांगता येणार नाही. पण तुरीचं जमू शकतं.

एक धोका मात्र आधीच सांगते. खाण्याचा विषय निघाला की सगळा भार बाईच्या डोक्यावर येऊन पडतो. परसबाग करा, वाळवण करा, रानभाजी आणा, डाळ घरीच भरडा. सरकारी परसबागेच्या योजनेत बियाणाचं पाकीट मिळतं, पण पाणी कुणी आणायचं ते लिहिलेलं नसतं. एप्रिल-मे महिन्यात प्यायच्या पाण्याला रांग लागते तिथं वांग्याच्या रोपाला पाणी कोण घालणार? घर स्वस्तात चालावं म्हणून बाईनं अजून दोन तास राबायचं असेल तर मला ती स्वस्ताई नको. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, तूर वाळत घालून राखणं ही कामं नवऱ्यांना आणि मुलांना जमत नाहीत असं कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे? पारावर बसून तुरीच्या शेंगा सोलता येतात. गप्पाही मारता येतात. आम्ही तर आयुष्यभर तसंच करत आलो.

दुसरं, स्वस्त म्हणजे पिकवणाऱ्या बाईला मारून स्वस्त नव्हे. मधली हमाली, अडत, गाडीभाडं वाचतं, ते दोघींनी वाटून घ्यायचं. तिला हर्रासापेक्षा थोडा जास्त भाव आणि हिला बाजारापेक्षा थोडा कमी. गावातले पगारदार लोक, मास्तर, बँकेतले, त्यांना तर पूर्ण बाजारभावानंच विकायचं. त्यांना ताजी भाजी मिळते, तेवढं पुष्कळ आहे.

काही गोष्टी आपल्याला ग्रामपंचायतीत मांडायच्या आहेत. बाजारात दोन वाटे भाजीचे घेऊन बसणाऱ्या बाईकडून ठेकेदार पावती फाडतो. घरची आणि रानातली भाजी विकणाऱ्या बायांना ती माफ करावी आणि बसायला ठरलेली, सावलीची जागा द्यावी, असा ठराव पाहिजे. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. ती कागदावर होऊन जाते, आपण जाऊन ती खरी घेऊ. शाळेच्या पोषण आहारात धान्य वरून येतं, पण भाजीपाला-इंधनाचे पैसे शाळेला मिळतात. ती भाजी गावातल्या बायांकडूनच घ्यावी. खिचडी शिजवणाऱ्या बाया इथं बसल्या आहेत, त्यांना विचारा आज भाजी म्हणून काय पडतं भांड्यात. आणि ज्यांच्या घरी वावर आहे त्यांनी घरात एवढं तरी बोलावं की धुऱ्यावर आणि कडेच्या दोन-चार तासांत तणनाशक मारायचं नाही. तिथली भाजी मजूर बायांनी खुशाल न्यावी. फवारलेल्या वावरातली मात्र कुणी खुडू नका, आणि ओळखीची नसेल ती भाजी म्हातारीला दाखवल्याशिवाय शिजवू नका.

मी आल्यापासून दोघी-तिघी विचारताहेत, सुरुवात कशानं करायची. तुरीनं करू. शेंगा भरल्या आहेत, महिना-सव्वा महिन्यात तूर घरात येईल. ज्यांच्याकडे तूर आहे त्यांनी सगळी एकदम काढू नका, निदान घरापुरती तरी ठेवा. ज्यांना विकायची आहे त्यांची गट घेईल, त्या दिवशीच्या बाजार समितीच्या भावानं, काट्यावर सगळ्यांसमोर मोजून. डाळ गावातल्या मिलवर करायची का जात्यावर, चुणी कुणाला द्यायची, साठवायची कुणाकडे आणि उंदरांचं काय करायचं, हे तुम्ही ठरवा. त्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पैसे गटाच्या बचतीतून काढायचे, व्याज लावायचं की नाही यावर भांडण होईल, ते आत्ताच होऊ द्या.

तर आता असं करू. ज्यांच्या घरी या वर्षी तूर आहे त्या भिंतीकडे बसा. ज्या विकत घेतात त्या दाराकडे बसा. वर्षाला किती किलो लागते ते प्रत्येकीनं सांगा, ही मुलगी वहीत लिहून घेते.